पिझ्झ्याची कणीक आणि उसनी क्रियापदे

'मैद्याचा डो दहा मिनिटे नीड करा आणि डबल होईपर्यंत उबदार जागी प्रूफ करायला ठेवा.' या धर्तीचे वाक्य घरगुती पिझ्झ्याच्या मराठी पाककृतींत इतक्या वेळा वाचावयास मिळते की आता ते कोणाला खटकेनासे झाले आहे. आम्हांस ते खटकते, आणि त्याचे कारण केवळ भाषाशुद्धीचा सोस हे नव्हे. या एका वाक्यात दोन दोष शेजारी शेजारी नांदत आहेत: एक भाषेचा, दुसरा स्वयंपाकाचा. आमचे प्रतिपादन असे की दुसरा दोष बऱ्याच अंशी पहिल्यातूनच उपजला आहे. ज्या कृतीसाठी आपल्या भाषेत नेमके क्रियापद आहे, तिथे उसने क्रियापद आणले की त्या कृतीमागचे आपले शहाणपणही दाराबाहेर राहते. मग कणीक बिघडते, आणि करणारी व्यक्ती 'आपल्याला हे जमणारे नव्हे' असे म्हणून दुकानातून तयार पिझ्झा बेसचे पाकीट घेऊन येते.

मराठीचे अध्यापन करणाऱ्यांनी परातीत हात का घालावा, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे की भाषेतली अत्यंत नेमकी क्रियापदे ग्रंथांत नव्हे, तर हातांत वसतीला असतात. शेत, सुताराचा ठिय्या, शिलाईचे यंत्र आणि स्वयंपाकघर ही त्यांची घरे. या घरांत नवे काम आले आणि ते जुन्या क्रियापदांवर सोपविले गेले, तर ती क्रियापदे जगतात. नवे काम नव्या शब्दांना आणि जुने काम जुन्या शब्दांना, अशी वाटणी झाली की जुने काम संपते त्या दिवशी शब्दही संपतो. घरी पिझ्झा करणे हे आज अनेक मराठी घरांत आलेले असे एक नवे काम आहे. म्हणून त्याची कृती कोणत्या शब्दांत सांगितली जाते, हा प्रश्न आम्ही किरकोळ मानत नाही.

प्रथम मूळ पदार्थाकडे वळू. पिझ्झा हे नेपल्सच्या गोरगरिबांचे अन्न. मातिल्दे सेराओ या लेखिकेने १८८४ साली त्या शहराच्या दैन्याचे चित्रण करताना त्याची दखल घेतलेली आहे. पुढे शंभर वर्षांनी, १९८४ मध्ये, 'असोचात्सिओने वेराचे पित्सा नापोलेताना' ही संस्था नेपल्समध्ये स्थापन झाली आणि तिने अस्सल नेपल्सी पिझ्झ्याची नियमावली घालून दिली. २०१० मध्ये युरोपीय संघाने त्या पदार्थाला पारंपरिक खाद्यविशेष म्हणून संरक्षण दिले. २०१७ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जी नोंद केली ती मात्र, नीट पाहिले असता, पिझ्झ्याची नाहीच. ती 'पित्सायुओलो'च्या, म्हणजे पिझ्झा करणाऱ्या कारागिराच्या कलेची आहे. कणीक मळणे, तिचे गोळे करणे, ती हाताने फिरवीत पसरविणे, लाकडाच्या भट्टीत भाजणे. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर युनेस्कोने नामाचा नव्हे, क्रियापदांचा गौरव केला.

नियमावलीतील घटक अवघे चार: पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. एक लिटर पाण्यास साधारण १.६ ते १.८ किलो पीठ, ४० ते ६० ग्रॅम मीठ, आणि ताजे यीस्ट ०.१ ग्रॅमपासून ३ ग्रॅमपर्यंत. या शेवटच्या आकड्यापाशी थोडे थांबावयास हवे. सर्वांत कमी आणि सर्वांत अधिक या दोन मर्यादांत तीस पटींचे अंतर आहे. एरवी पिठाच्या गोळ्याचे वजन आणि भट्टीचे तापमान यांबाबत काटेकोर असणारी ही संस्था यीस्टबाबत इतकी उदार का? कारण तिला ठाऊक आहे की यीस्ट हा सजीव आहे. उन्हाळ्यात त्याला पळापळ सुचते आणि थंडीत आळस चढतो. शिवाय कणीक चार तास ठेवायची की चोवीस, यावरही त्याचे प्रमाण ठरते. अर्थात चार घटकांच्या मागे उभा असलेला पाचवा घटक म्हणजे वेळ, आणि तो वजनकाट्यावर मोजता येत नाही. 'साधी' कणीक याचा अर्थ 'झटपट' कणीक असा आपण करून घेतला, तेथे पहिली गफलत झाली. घटक थोडे असले की वेळ अधिक लागतो. वेळ वाचवू गेले की साखर, अधिक यीस्ट, दही, खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर अशी घटकांची रांग लागते. साधेपणा तेवढा जातो.

आता क्रियापदांकडे येऊ. मराठीत कणीक 'भिजवतात'. इंग्रजीतील नीड या क्रियापदाने सारे श्रेय हाताला दिले आहे. आपल्या क्रियापदाने ते पाण्याला दिले आहे. पिठात पाणी मुरू लागले की गव्हातील ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने एकमेकांत गुंतू लागतात आणि ग्लुटेनचे जाळे आपोआप विणले जाऊ लागते. हात हा त्या कामाला गती देणारा, पण त्याच्यावाचून काम अडत नाही. फ्रान्समधील रेमों काल्व्हेल या पावशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच तंत्र म्हणून मांडले: पीठ व पाणी नुसते कालवावे, अर्धा तास झाकून ठेवावे, मग मळावे. नोव्हेंबर २००६ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जिम लेही या बेकरची न मळता करायच्या पावाची कृती छापली आणि जगभर तिचा गाजावाजा झाला. यीस्ट चिमूटभर, पाणी सढळ, वेळ बारा ते अठरा तास. मळणे जवळजवळ नाहीच. ज्या भाषेत 'कणीक भिजवून झाकून ठेव' हे वाक्य सकाळच्या घाईतही सहज उच्चारले जाते, त्या भाषेला या शोधाचे इतके नवल वाटावयास नको होते.

भिजवल्यानंतर येते ते 'तिंबणे'. मळणे आणि तिंबणे हे पर्याय नव्हेत. मळणे म्हणजे पीठ एकजीव करणे. तिंबणे म्हणजे एकजीव झालेल्या गोळ्याला पाण्याचा वा तेलाचा हात लावून, दाबून, दुमडून, पुन्हा दाबून त्याचा ताठा घालविणे. 'कणीक तिंबणे' हा वाक्प्रचार एखाद्यास बदडून काढण्याच्या अर्थाने रूढ झाला तो उगीच नव्हे. पुरणपोळीसाठी सैलसर भिजवलेली कणीक तेलाच्या हाताने तिंबून दोन तास ठेवणाऱ्या व्यक्तीला ग्लुटेन हा शब्द ठाऊक नसला, तरी ताणली असता न तुटणारी आणि सोडली असता मागे न आखडणारी कणीक कशी असते, हे तिच्या बोटांना पक्के ठाऊक असते. पिझ्झ्याला हवी असते ती जवळपास हीच कणीक. नेहमीच्या पोळीपेक्षा सैल, पुरणपोळीच्या जातीची. 'सॉफ्ट डो' या दोन शब्दांनी ही ओळख पटत नाही. 'पुरणपोळीसारखी सैल तिंबा' म्हटले की तत्काळ पटते.

तिसरी जोडी फुगणे आणि आंबणे यांची. उसन्या भाषेत कणीक 'राइज' होते, म्हणजे नुसती वर येते. त्यामुळे वर आणणारा कोणताही उपाय त्या जागी चालेल असा समज होतो, आणि सोडा व दही यांच्या साह्याने पंधरा मिनिटांत 'राइज' केलेली कणीक यीस्टच्या कणकेची भगिनी मानली जाते. मराठीत मात्र फुगणे वेगळे, आंबणे वेगळे. सोड्याने कणीक फुगते. यीस्टने ती आंबते आणि आंबता आंबता फुगते. यीस्ट पिठातील शर्करेवर जगते आणि कर्बवायूबरोबर अल्कोहोल निर्माण करते. दीर्घकाळ ठेवलेल्या कणकेत आम्लांचाही थोडा वाटा असतो. आणि या साऱ्यांतून ती चव येते, जी फुगवट्याने येत नाही. आंबोळी, ढोकळा, इडली करणाऱ्या घरांना हा भेद नव्याने शिकवावा लागत नाही. गोव्यातील पोदेर पूर्वी पाव आंबवण्यासाठी माडाची सूर वापरीत. तेव्हा यीस्टचे पाकीट नसतानाही आंबवण्याची विद्या होती, आणि तिला क्रियापदही होते. 'आंबणे'ला नासण्याची, थकण्याची छटा आहे, म्हणून तो शब्द नको, असे कोणी म्हणेल. आमच्या मते ती छटा उपयोगाचीच आहे: कणीक प्रमाणाबाहेर राहिली की ती खरोखरच आंबून जाते, ढेपाळते, तिला आंबट दर्प येतो. चांगले आंबणे आणि आंबून जाणे यांमधील सीमारेषा एकाच क्रियापदात दाखविणारी भाषा आपणांस लाभली आहे.

आणि शेवटी 'थापणे'. नेपल्सच्या नियमात लाटणे निषिद्ध आहे; यंत्राने दाबणेही निषिद्ध. कारण सरळ आहे: लाटण्याने काठातील वायू निघून जातो आणि भाजल्यावर कडा फुलत नाही. गोळा मधून बाहेर बोटांनी दाबीत न्यावयाचा, काठ अस्पर्श ठेवावयाचा. ज्वारी-बाजरीची भाकरी थापणाऱ्या मुलखात या क्रियेला 'स्ट्रेच करणे' म्हणावे, याचे आम्हांस वैषम्य वाटते. भाकरीच्या पिठात ग्लुटेन नसते, म्हणून तेथे थापण्याचे कारण वेगळे. पण तळहाताने मधून कडेकडे नेण्याची हातोटी ओळखीचीच आहे.

भाषांतरित कृतीचा सर्वांत मोठा घोटाळा होतो तो 'उबदार जागी ठेवा' या सूचनेत. ही सूचना थंड देशांच्या स्वयंपाकघरातून आली आहे, जेथे कणकेला ऊब शोधून द्यावी लागते. मे महिन्यातल्या नागपुरात किंवा जळगावात उबदार जागा शोधावी लागत नाही; गारव्याची जागा शोधावी लागते. तेथे त्या कृतीत सांगितलेले दोन चमचे यीस्ट, कोमट पाणी आणि वर उबदार जागा असे सारे मिळाले, की तासाभरात कणीक डोक्यावरून जाते आणि मग भट्टीत बसते. कृतीने सांगितले ते सारे केले, तरी पिझ्झा कडक आणि यीस्टच्या वासाचा झाला. दोष कोणाचा? शब्दशः भाषांतर करणाऱ्याने शब्द आणले. हवा आणावयाची राहिली. त्याच घरात इडलीचे पीठ उन्हाळ्यात उशिरा भिजवायचे आणि थंडीत लवकर, हे कोणी लिहून दिलेले नसते, तरी पाळले जाते. परक्या शब्दांत आलेल्या कृतीशी हे आपले ज्ञान जोडून पाहण्याचे धैर्य मात्र होत नाही. कारण 'प्रूफ करणे' हे काहीतरी निराळे शास्त्र आहे असे वाटते. ते निराळे नाही. ते आंबवणेच आहे.

हीच गोष्ट घड्याळाची. उसन्या कृती मिनिटे सांगतात, आपल्या जुन्या कृती खुणा सांगत आल्या: तार येईपर्यंत, कडेने तूप सुटेपर्यंत, जाळी पडेपर्यंत. आधुनिक दृष्टीला हे ढोबळ वाटते. वस्तुतः हवा, पीठ, भांडे बदलले की मिनिटे खोटी ठरतात आणि खुणा खऱ्या राहतात. कणीक तयार झाली की नाही, हे पाहण्याची खूण जगभर एकच आहे: ओल्या बोटाने दाबावे, खळगा झटकन भरून आला तर अजून अवकाश आहे, हळूहळू अर्धवट भरला तर वेळ आली, भरलाच नाही तर वेळ टळली.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला: मग 'पिझ्झा' हा शब्द तरी कशाला ठेवता? ठेवतो, आणि आनंदाने ठेवतो. वस्तू येते ती नाव घेऊन येते. 'पाव' पोर्तुगिजांकडून आला आणि वड्याच्या जोडीने महाराष्ट्राचा झाला. यीस्ट आणि ओव्हन यांनाही आम्ही दारात अडवणार नाही. नाम मराठीत आले की मराठीचे व्याकरण ते पचवते. पिझ्झा पाहा: 'घोडा'च्या वळणावर त्याचे पिझ्झ्याचा, पिझ्झ्याला, पिझ्झे असे कसे बिनबोभाट झाले. क्रियापदांचे मात्र तसे होत नाही. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांपासून 'बदलणे', 'फर्मावणे' अशी क्रियापदे घडली खरी. इंग्रजीच्या बाबतीत ही प्रक्रिया जवळजवळ घडलेली नाही. 'नीड', 'प्रूफ', 'स्ट्रेच' यांना 'करणे'ची कुबडी घेतल्यावाचून मराठी वाक्यात एक पाऊल टाकता येत नाही. सगळ्याच क्रिया 'करणे' झाल्या की भाषेत क्रियापद एकच उरते. म्हणून आमचा आग्रह इतकाच: नामे आणावीत, क्रियापदे आपली वापरावीत.

दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा: मैद्याच्या गोळ्याला कणीक म्हणावे काय? कणीक म्हणजे गव्हाचे पीठ, आणि भिजवलेला गोळाही. मैदाही गव्हाचाच, अर्थविस्तार इतका तरी शब्दाला झेपावा. शिवाय अर्धा मैदा आणि अर्धे चक्कीचे पीठ घेऊनही चांगला पिझ्झा होतो. मात्र कोंड्याचे कण ग्लुटेनचे जाळे छेदतात आणि चक्कीचे पीठ पाणी अधिक पिते, म्हणून पाणी वाढवावे लागते आणि कडा थोडी कमी फुलते.

तिसरा आक्षेप आम्ही मान्य करतो. 'भाजणे' या एका क्रियापदावर आपण तव्यावरची पोळी, निखाऱ्यावरचे वांगे आणि कढईतला रवा असे सारे लादलेले आहे. त्यामुळे 'बेक करणे'ला काही जागा आहे. जेथे उणीव खरी आहे तेथे उसनवारीला आमचा विरोध नाही. भिजवणे, तिंबणे, आंबवणे, थापणे यांच्या बाबतीत उणीव नाही, एवढेच आमचे म्हणणे.

वाद घालून कणीक होत नाही. म्हणून ती कृतीही आपल्या क्रियापदांत सांगतो. अर्धा किलो मैद्यात पाव चहाचा चमचा कोरडे इन्स्टंट यीस्ट मिसळावे. सुमारे ३०० मिलिलिटर साधे, कोमट न केलेले पाणी घालून नुसते कालवावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. मग १० ग्रॅम मीठ व चमचाभर तेल घालून पाच-सात मिनिटे तिंबावे. गोळा गुळगुळीत व लवचीक झाला की पुरे. नेपल्सच्या नियमात तेल नाही, कारण तेथील भट्टी सुमारे ४८५ अंशांची असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. आपला घरगुती ओव्हन २५० अंशांवर थांबतो, पिझ्झा आत अधिक वेळ राहतो आणि कोरडा पडतो, त्याला तेलाचा थोडा आधार हवा. गोळा झाकून साध्या दिवसांत सहा-आठ तास आंबू द्यावा, थंडीत रात्रभर, कडक उन्हाळ्यात यीस्ट चिमूटभरच घ्यावे, पाणी माठातले घ्यावे, किंवा कणीक सरळ फ्रीजमध्ये एक दिवस ठेवून वापरण्याआधी तास-दोन तास बाहेर काढावी. आकार दुपटीच्या आसपास आला, वर बुडबुडे दिसू लागले, आंबोळीच्या ताज्या पिठासारखा किंचित आंबूस वास आला की चार उंडे करावेत आणि झाकून तासभर विसावू द्यावेत. नंतर पिठीवर थापावे, काठ बोटभर सोडून. ओव्हनमध्ये लोखंडी तवा वा ट्रे आधी अर्धा तास पूर्ण आचेवर तापलेला असावा. पसरलेल्या कणकेवर टोमॅटोचा रस आणि चीज बेताने घालावे, कारण ओझे वाढले की मधला भाग कच्चा राहतो. कडेवर तपकिरी ठिपके उमटले की काढावे. सामान्यतः आठ-दहा मिनिटे लागतात.

या परिच्छेदात पिझ्झा, यीस्ट, ओव्हन, फ्रीज, टोमॅटो, चीज अशी परकी नामे आली आहेत आणि त्यांनी कोठे अडवणूक केलेली नाही. 'डो', 'नीड', 'प्रूफ', 'स्ट्रेच' हे शब्द आले नाहीत आणि त्यांच्यावाचूनही कोठे अडलेले नाही. डॉमिनोज आणि पिझ्झा हट १९९६ साली भारतात आले, तेव्हापासून आपण पिझ्झा खाणारे झालो. करणारे होत आहोत ते त्यानंतर, हळूहळू. खाणाऱ्याला नामे पुरतात. करणाऱ्याला क्रियापदे लागतात, आणि ती आपल्याच परातीत भिजत पडलेली आहेत.